उसनी पाळी

साल एकोणीसशे एकोणपन्नास. पौष महिना. हरभरा घाट्याला आलेला, ज्वारी हुरड्यात, आणि थंडी अशी की गुरांच्या अंगावर पोती बांधावी लागत होती. साल आणि महिना आधीच सांगून ठेवतो. नंतर कोणी म्हणायला नको की म्हाताऱ्यानं मनचं रचलं.

ऐका. शेकोटीत लाकूड सारा आणि गप्प बसा. मधे उठायचं नाही. ज्याला जाऊन यायचं आहे त्यानं आत्ताच जाऊन या.

आपल्या गावचा गेनू फडतरे. पलटणीत नाईक होता, दंडावर दोन फिती. तो रजेवर घरी येत होता. गाडी उशिरा आली. स्टेशनावर उतरला तेव्हा गाव कधीच झोपलेलं. सामानाची ट्रंक त्यानं स्टेशनमास्तरच्या खोलीत ठेवली, अंगात फौजी डगला घातला, गळ्यात पिशवी अडकवली आणि चालायला निघाला.

स्टेशनापासून आपल्या खडकवणला दोन वाटा. तेव्हाही दोनच होत्या. एक गाडीवाट. लांबची, पण सरळ, काटकरांच्या वस्तीवरून येणारी. दुसरी कावळखिंडीतून, जुन्या फौजी डेपोतून. ती जवळची. शहाणा माणूस रात्री गाडीवाटेनं जाई. गेनूनं डेपोची वाट धरली.

का धरली? थांबा. सांगतो.

फलाटावर हुसेन मणेर पथारी टाकून पडला होता. बांगड्या विकायला गावोगाव हिंडणारा. गेनूला खिंडीच्या अंगाला वळताना बघून तो उठून बसला. म्हणाला, नाईक, तिकडं कुठं? गेनू म्हणाला, घरी. हुसेन म्हणाला, त्या वाटेनं मी एकदा रात्री गेलोय. डेपोच्या तारेपाशी एक पहारेकरी उभा होता. जरा बंदूक धर म्हणाला. मी म्हणालो, बाबा, माझ्या डोक्यावर बांगड्यांची पेटी, हात मोकळे नाहीत. त्यानं वाट सोडली. तुझं तसं नाही. तू फौजी. तुझ्या हातात कोणी बंदूक दिली की तू घेणार.

गेनू हसला. हुसेन म्हणाला, हसू नको, तात्याबा जगदाळ्याला जाऊन विचार.

तात्याबा जगदाळे तुम्हांला माहीत नाही. तुमच्या बापांना विचारा. पेन्शनीत आलेला हवालदार, छाती अशी. एका रात्री त्या वाटेनं आला. सकाळी गुराख्यांना तारेपाशी उभा सापडला. ताठ उभा. दोन्ही हात असे, खांद्याशी काहीतरी धरल्यासारखे. हातात काही नाही. जिवंत होता, पण माणूस म्हणून संपलेला. पुढं मरेपर्यंत रात्र झाली की स्वतःच्या अंगणात तसाच उभा राहायचा. बायको म्हणायची आत चला, तर म्हणायचा, बदली आली नाही.

हुसेननं शेवटचा उपाय सांगितला. म्हणाला, माझी पेटी डोक्यावर घे. दोन्ही हात गुंततील. सकाळी मी गावात येईन तेव्हा परत दे.

गेनू म्हणाला, "हुसेनभाई, फौजी माणूस बांगड्या वाहून नेईल का?"

"मग जा," हुसेन म्हणाला. "तात्याबाच्या शेजारी उभा राहा. जोडी शोभंल."

हे असं. अभिमानाला वजन नसतं म्हणून माणूस तोच तेवढा घेऊन निघतो.

आता ऐका, त्यानं गाडीवाट का सोडली. काटकरांच्या वस्तीवर रावजी काटकर म्हणून म्हातारा राहायचा. गाडीवाटेच्या कडेला घर, घरासमोर दगड, दगडावर म्हातारा. दिवस असो, रात्र असो, थंडी असो, पाऊस असो. खाकी कपड्यातला माणूस दिसला की वाट अडवायचा आणि एकच विचारायचा. माझा पोरगा झोपला होता का रं?

त्याचा पोरगा हैबती. गेनूच्या बरोबरीचा, गेनूच्याच तुकडीतला. लढाईच्या दिवसांत सरकारनं खिंडीपलीकडं डेपो उभा केला होता. तंबू, ताडपत्र्या, तेलाचे डबे, तांब्याच्या तारेची भेंडोळी, सगळं उघड्यावर रचलेलं. भोवती काटेरी तार, तारेच्या कडेनं पहाऱ्याच्या चौक्या. आपल्या भागातली एक तुकडी राखणीला होती. चांगला माल लढाईवर गेलेला. राखणीवाल्यांना मागच्या लढाईतल्या बंदुका दिल्या. त्यासुद्धा पुरेशा नाहीत. एका चौकीला एक बंदूक. जो पहाऱ्यावर येईल त्यानं आधीच्याच्या हातातून घ्यायची, पाळी संपली की पुढच्याच्या हातात द्यायची. देताना म्हणायचं, सब ठीक. हा रिवाज. बंदूक बदलली, सब ठीक म्हटलं, की जबाबदारी बदलली.

गेनू आणि हैबती ज्या चौकीवर असत तिथली बंदूक खराब होती. गोळीच्या बुडाला ठोका देणारी आतली कांडी झिजलेली. चाप ओढला की कधी गोळी सुटे, कधी नुसतं वाजे, टक्. थंडीत तर टक्च. सगळ्यांना ठाऊक. गेनूनं एकदा जमादाराला सांगितलं. जमादार म्हणाला, नवी बंदूक तुझ्या सासऱ्याकडून येणार आहे का? ढीग तर राखायचाय, चालव. मग गेनूनं परत सांगितलं नाही. रोज घेत होता, रोज देत होता. सब ठीक.

एका रात्री गेनूला हिवताप भरला. दात वाजत होते. हैबतीला ते कळलं. त्याची स्वतःची पाळी नव्हती. घोंगडी गुंडाळून तो चौकीवर आला, म्हणाला, जा, निज, तुझी पाळी मी उभा राहतो. उसनी समज. पलटणीत हे चालायचं. कोणी तुमची पाळी काढली की तुम्ही त्याची एक देणं लागता. पैशानं फिटत नाही ते. पाळीच परत द्यावी लागते.

गेनूनं बंदूक त्याच्या हातात दिली. सवयीनं म्हणाला, सब ठीक. आणि जाऊन झोपला.

त्याच रात्री ताडपत्र्या चोरायला चोर आले.

सकाळी हैबती तारेपाशी पडलेला. मानेवर कुऱ्हाडीचा घाव. बंदुकीतली गोळी बंदुकीतच. जमादारानं साहेब यायच्या आत ती बंदूक उचलली आणि तिथं चांगली ठेवली. साहेबानं बंदूक चालवून बघितली, चालली. मग गोळी का सुटली नाही? तर पहारेकरी झोपला होता. झालं. कागद झाला. बायकोला, आईबापाला पेन्शन नाही. गावानं लढाईत पडलेल्या पोरांची नावं चावडीपुढच्या दगडावर कोरली, त्यात हैबती नाही. चावडीत लोक म्हणू लागले, झोपाळू काटकराचा बाप आला. म्हातारा त्या दिवसापासून चावडीची पायरी चढला नाही.

गेनू बोलायला निघाला होता. जमादारानं त्याला बाजूला घेतलं. म्हणाला, बंदूक खराब होती म्हणतोस? मग देताना सब ठीक कोण म्हणालं? तुरुंगात तू जाशील, मी नाही.

गेनू गप्प बसला. पाच वर्षं गप्प बसला. रजेवर आला की वस्ती टाळायचा. दिवसा शेतातून आडवा जायचा. त्या रात्री अंधारात शेतं ओली, पाणी सोडलेलं. म्हणून डेपोची वाट. समजलं? भुतानं नाही बोलावलं त्याला. म्हाताऱ्याच्या एका प्रश्नानं त्याला तिकडं ढकललं.

खिंड चढेपर्यंत काही झालं नाही. चांदणं नव्हतं, चांदण्या होत्या. खिंड उतरला तर डेपोचं माळरान. तेव्हा तिथं काही उरलं नव्हतं. सिमेंटचे ओटे, गंजलेली तार, ती पण जागोजाग तुटलेली. गुरं आरपार जायची. गेनू एका भगदाडातून आत शिरला. समोर पलीकडचं भगदाड, त्यापुढं गावाची वाट. बिडी ओढून संपायच्या आत पार होण्याएवढं अंतर.

निम्म्यात आला आणि अंधारातून आवाज आला. हुकुमदार.

पहारेकरी असाच हटकतो. कोण येतं ते सांग, नाहीतर गोळी घालतो. आपल्यासारखा माणूस पळाला असता. गेनूची टाच टाचेला लागली. तोंडातून आपोआप निघालं, दोस्त.

तारेपाशी माणूस उभा होता. डोक्यावरून घोंगडी, चेहरा दिसत नाही. हातात बंदूक. आवाज खरखरीत, गळ्यात काही अडकल्यासारखा. म्हणाला, दोस्ता, पायाची पट्टी सुटलीय, बांधून घेतो, जरा धर.

आणि बंदूक पुढं केली.

गेनूला हुसेन आठवला. तात्याबा आठवला. सगळं आठवलं. पण हात आठवणीची वाट बघत नाहीत. फौजी माणसापुढं बंदूक आली की तो ती पडू देत नाही. त्यानं घेतली.

घेतली आणि हाताला कळलं. दस्त्यावर फट, फटीवर तांब्याची तार गुंडाळलेली. ती तार त्यानंच गुंडाळली होती. डोळे नंतर ओळखतात, हात आधी ओळखतो.

पहारेकरी खाली वाकला नव्हता. पट्टीबिट्टी काही सुटली नव्हती. त्यानं घोंगडी मागं सारली. मान एका अंगाला कललेली, सरळ बसत नव्हती. अगदी प्रेमानं विचारलं त्यानं.

"ताप उतरला का रं, गेनू?"

हैबती तारेखालून पलीकडं सरकला, पलीकडच्या दगडावर बसला, घोंगडीत पाय घेतले. फार दिवसांनी बसायला मिळालेल्या माणसासारखा बसला. म्हणाला, उसनी पाळी राहिली होती तेवढी काढ. मी जरा टेकतो.

गेनू पळायला वळला. मागं भगदाड नव्हतं. ज्यातून आत आला ते भगदाडच नाही. तार सलग, नवी, ताणलेली, चकचकीत. पुढं बघितलं, पुढचंही नाही. सिमेंटच्या ओट्यांवर ताडपत्र्यांचे ढीग उभे राहिलेले. लांब तंबूत कंदील. तेलाचा वास. सगळा डेपो परत जागच्या जागी, आणि तो आत. चारी बाजूंनी तार.

त्यानं बंदूक टाकायचं ठरवलं. टाकली की सुटलो. पण हात खाली जाईनात. भरतीला गेल्या दिवसापासून एकच शिकवण, बंदूक जमिनीला लागता कामा नये. एकदा त्याच्या हातून निसटली होती, तर ती डोक्यावर धरून मैदानाला फेऱ्या मारून मारून तोंडातून फेस आला होता. ती शिकवण हाडात गेलेली. तो हातांना सांगत होता सोडा, हात ऐकत नव्हते. बोटं लाकडाला चिकटली होती. भुताचं बळ त्यात किती आणि त्याचं स्वतःचं किती, त्याला कधी समजलं नाही.

तो तारेच्या कडेनं चालू लागला. वाट शोधायला म्हणून चालला, पण पावलं पहाऱ्याची पडू लागली. कोपऱ्यापर्यंत जायचं, टाच मारायची, वळायचं, परत यायचं. त्याला थांबता येईना.

मग गस्त आली.

ऐका, गस्त कशी आली. लांबून कंदील येताना दिसला. माणसाच्या हाताच्या उंचीवर कंदील, खाली बूट. बुटांचा आवाज खड्यांवर, करकर. कंदील आणि बूट. मधे कोणी नाही. मधून पलीकडचे तंबू दिसत होते. गेनूपुढं येऊन बूट थांबले. कंदील वर झाला. जमादाराचा आवाज आला, जशाचा तसा, तंबाखू गालात धरलेला.

"सब ठीक?"

गेनूनं दात आवळले. पण किती वर्षांची सवय ती. टाच टाचेला लागली, छाती पुढं आली, तोंड उघडलं. सब ठीक, साहेब.

कंदील खाली झाला. बूट निघून गेले. तारेपलीकडून हैबतीनं लांब सुस्कारा सोडला. म्हणाला, हं. मी पण रोज हेच म्हणतो. आता ते येतील.

ते आले. ताडपत्रीच्या ढिगामागून वाकून वाकून. तोंडाला फडकी, एकाच्या हातात कुऱ्हाड. गेनूनं हटकलं. ते थांबले नाहीत. त्यानं बंदूक खांद्याला लावली, नेम धरला, कुऱ्हाडवाल्याच्या छातीवर. इतक्या जवळून लहान पोराचाही चुकला नसता. चाप ओढला.

टक्.

खटका मागं ओढून परत भरली. टक्. कुऱ्हाडवाला हसला. बंदुकीचा तो आवाज ऐकून हसला, आणि मग घाई न करता चालत आला. माणसाला मरायला जेवढा वेळ लागतो त्याहून किती तरी लांब ती चाल. गेनू दस्ता उगारून मारणार, तर हात खांद्यावरून हलेनात. चाप ओढत राहिला. टक्. टक्. कुऱ्हाड वर गेली, खाली आली. मानेत बर्फ घुसला.

आणि परत तारेपाशी उभा. बंदूक हातात. अंगावर घाव नाही. मान मात्र दुखू लागलेली.

परत कोपऱ्यापर्यंत. परत टाच. परत कंदील आणि बूट. सब ठीक? तो नाही म्हणणार होता. सब ठीक, साहेब. परत ढिगामागून ते. परत टक्. दुसऱ्या खेपेला कुऱ्हाड जास्त आत गेली. तिसऱ्या खेपेला डोकं एका अंगाला कललं आणि सरळ होईना. बोलायला गेला तर आवाज खरखरीत निघाला. हैबतीसारखा. आणि तारेपलीकडं बसलेल्या हैबतीची मान सरळ होत चालली होती.

इथं गेनूला कळलं काय चाललंय. तुम्हांला कळलं का? नुसती पाळी नव्हती ती. हैबतीची जागा गेनूनं भरली जात होती.

गेनू म्हणाला, हैबती, मला सोड. घरी बायको वाट बघतीय. हैबती म्हणाला, माझी पण बघत होती. रागानं नाही म्हणाला. साधं म्हणाला. गेनू म्हणाला, अरे पण तात्याबाला तरी सोडलंस. हैबती म्हणाला, तात्याबाला सोडलं कसलं, त्याचं इथं काही देणं नव्हतं, उजाडताच बंदूक आपली माझ्या हातात परत आली. तुझं तसं नाही. तुझ्या हातून गेली होती, तुझ्या हातात आली. उजाडलं की तुझीच.

पूर्वेला बघितलं. शुक्राची चांदणी वर आली होती. खडकवणात कुठंतरी कोंबडा आरवला. गाव एवढं जवळ की कोंबडा ऐकू येतोय, आणि तारेला भगदाड नाही.

"तू जमादाराला दुसरं काही का सांगत नाहीस?" गेनूनं विचारलं. "बंदूक खराब आहे म्हणून?"

हैबतीनं मानेवरून हात फिरवला. मग म्हणाला, "रोज सांगायला जातो. निघत नाही. तू सब ठीक म्हणून माझ्या हातात दिलीस, गेनू. तुझं म्हटलेलं मला कसं खोडता येईल?"

कंदील निघाला होता. बूट करकरत होते. गेनूला जाणवलं, हे शेवटचं. या खेपेला तोंडातून तेच निघालं तर उजाडेल आणि गुराख्यांना तो सापडेल. किंवा सापडणारही नाही.

बूट समोर थांबले. कंदील वर झाला.

"सब ठीक?"

टाच टाचेला लागली. ती त्याला थांबवता आली नाही. छाती पुढं आली. तोंड उघडलं आणि पहिला शब्द आलासुद्धा. सब, म्हणाला. तिथं त्यानं जीभ दातांत धरली. कचकन चावली. तोंडात रक्त आलं. ते गिळून म्हणाला, ठीक नाही, साहेब.

कंदील हलला. असं उत्तर त्या कंदिलानं कधी ऐकलं नव्हतं.

"बंदूक चालत नाही," गेनू म्हणाला. "आतली कांडी झिजलीय. थंडीत गोळी सुटत नाही."

जमादाराचा आवाज हळूच आला, अगदी कानाशी, पाच वर्षांपूर्वीसारखा. मग देताना सब ठीक कोण म्हणालं?

हाच तो चाप. याच चापात तो पाच वर्षं अडकला होता. तारेत नव्हता अडकला.

"मी म्हणालो," गेनू म्हणाला. "मला ठाऊक होतं आणि मी म्हणालो. पाळी माझी होती. हैबती जागा होता. चाप ओढत मेला."

आणि त्याचे हात उघडले. त्यानं उघडले नाहीत, आपोआप उघडले. बंदूक बुटांपुढं जमिनीवर पडली. लोखंड दगडावर आपटल्याचा आवाज खिंडीतून फिरून आला. कंदील विझला.

अंधार. मग ताडपत्र्या फडफडू लागल्या, सगळ्या ढिगांवरच्या, वारा नसताना. गेनू पळाला. भगदाड आहे की नाही बघितलं नाही, सरळ तारेवर गेला. तारेनं धरला. डगला धरला, पाठ धरली. मागून बूट येत होते, एक जोडी नाही, पुष्कळ. सगळ्या चौक्यांवरून येत होते, सगळीकडून टक् टक् टक् वाजत होतं. त्यानं डगला अंगातून काढला आणि कातडीसकट स्वतःला तारेतून ओढलं. पलीकडच्या दगडापाशी कोणी बसलेलं नव्हतं.

वाटेला लागेपर्यंत मागं बघितलं नाही. बघितलं तेव्हा तांबडं फुटलेलं. गंजकी, तुटकी तार, आणि तारेवर लोंबणारा डगला.

आता तुम्ही विचाराल, हैबती सुटला तर वाट मोकळी झाली असेल. नाही झाली. डेपोला चौकी एक नव्हती. बंदुका एकाच पेटीतून आलेल्या. दुसऱ्या चौक्यांवर कोण कोण उभं राहून गेलं, कोणाचं काय झालं, कोणी कोणाला सब ठीक म्हणून काय हातात दिलं, मला ठाऊक नाही, तुम्हांला ठाऊक नाही. ते अजून तिथं आहेत. तुमच्यातले दोघे पुढच्या महिन्यात भरतीला चाललेत. तुम्हां दोघांना मुद्दाम सांगतो. दिवस मावळल्यावर त्या वाटेला पाय घालायचा नाही. घाई असो, आई आजारी असो, गाडी चुकलेली असो. कोणी धर म्हणालं तर घ्यायचं नाही. आणि घेतलंच, तर बघून घ्यायचं, आणि जे असेल ते म्हणायचं. त्या खिंडीतच नाही, कुठंही.

गेनूचं मात्र अजून राहिलं होतं. ऐका.

गावाची वाट समोर होती. घर दिसत होतं. तो घरी गेला नाही. उघड्या पाठीनं, रक्त गळत, तो उलटा गाडीवाटेनं काटकरांच्या वस्तीवर गेला. म्हातारा दगडावर होता. खाकी विजार बघितली आणि उठला. काठी आडवी धरली. माझा पोरगा झोपला होता का रं?

गेनूनं सांगितलं. सगळं. ऐकून झाल्यावर म्हाताऱ्यानं काठी सरळ केली आणि म्हणाला, "मला ठाऊक होतं ते. मला कशाला सांगतोस? चावडीत सांग."

चावडीत माणसं जमली. पाटलानं गेनूला बाजूला घेऊन समजावलं, रजेवर आलास, रजा काढ, जा, अशा बोलण्यानं फिती जातील. गेनू म्हणाला, जाऊ देत. पुढं गेल्याही. पलटणीत परत जाऊन साहेबापुढं त्यानं तेच सांगितलं, दोन्ही गेल्या, शिक्षा वेगळी. पण त्या सकाळी चावडीत तो उभा राहिला आणि सगळ्यांसमोर मोठ्यानं म्हणाला, बंदूक खराब होती, मला माहीत होतं, मी सांगितलं नाही, हैबती काटकर जागा होता. ज्यांनी झोपाळू म्हणून हसून घेतलं होतं ते जमिनीकडं बघत बसले. कोणीतरी पाथरवटाकडून छिन्नी आणायला गेलं.

रावजी काटकर खाली पायरीशी उभा होता. त्यानं पायताण काढलं. काठी भिंतीला टेकवली. पायऱ्या चढला, आत आला आणि खांबाशी आपल्या जुन्या जागी बसला. गेनूकडं बघून त्यानं शेजारच्या जागेवर हात ठेवला.

गेनू जाऊन बसला. पाळी फिटली.